क्वार्टरबॅक किती मोठा, आणि त्याच्या मागचा डिफेन्स किती तगडा

१५ नोव्हेंबर २०१५, डेन्व्हर. डेन्व्हर ब्रॉन्कोसचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, पेटन मॅनिंग याने रॉनी हिलमनला ४ यार्डांचा एक पास दिला, अगदी साधा, आणि तेवढ्यावर ब्रेट फाव्हरचा करिअरमधल्या पासिंग यार्डांचा रेकॉर्ड मोडला. त्याच मॅचमध्ये त्याचे २० पैकी फक्त ५ पास पोचले, एकूण ३५ यार्ड, वर ४ इंटरसेप्शन, म्हणजे पास थेट समोरच्या टीमच्या हातात, शेवटी कोचने त्याला बसवलं. पासिंगचे मार्क देणारं पासर रेटिंग आलं शून्य, ज्याच्या खाली आकडाच नाहीये. आणि याच सीझनच्या शेवटी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, हाच माणूस सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकला.

अमेरिकन फुटबॉल ज्यांनी फारसा बघितला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. इथे एका टीममध्ये दोन टीम असतात. बॉल आपल्याकडे असला की ऑफेन्सचे अकरा जण मैदानात, क्वार्टरबॅक त्यांचा म्होरक्या. बॉल गेला की ते अकराच्या अकरा बाहेर आणि डिफेन्सचे दुसरे अकरा आत. म्हणजे समोरची टीम पॉइंट करत असते तेव्हा आपला क्वार्टरबॅक हेल्मेट काढून बाकावर बसलेला असतो, त्याच्या हातात काहीच नसतं. तरी जिंकणं-हरणं लिहिलं जातं त्याच्याच नावावर, आणि मोठा कोण ते ठरवताना लोक बोटावर रिंग, म्हणजे जिंकलेले सुपर बोल, मोजतात. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते मॅनिंगच्याच दोन सीझनमध्ये दिसतं.

२०१३ घ्या. मॅनिंगचे ५५ टचडाउन पास (टचडाउन म्हणजे बॉल मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये पोचवणं), ५,४७७ यार्ड, टीमचे ६०६ पॉइंट, तोवर कुणीच असं केलं नव्हतं. हा माणूस स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या, आधीच समोरचा डिफेन्स वाचायचा, लाइनपाशी उभं राहून हातवारे करत, ओरडत आख्खा प्ले बदलायचा. मग सुपर बोलला समोर आले सिएटल सीहॉक्स, रिचर्ड शर्मन, अर्ल थॉमस, कॅम चान्सलर असा बॅकफील्ड, त्या वर्षीचा सगळ्यात कडक डिफेन्स. पहिलाच स्नॅप नीट बघा. मॅनिंग काहीतरी सांगायला लाइनकडे पुढे चालत येतोय, स्टेडियममध्ये इतका गोंगाट की बॉल मागे देणाऱ्या सेंटरला काही कळत नाही, तो बॉल मागे सोडून देतो, बॉल मॅनिंगच्या बाजूने उडत थेट आपल्याच एंड झोनमध्ये, सेफ्टी, म्हणजे समोरच्या टीमला २ पॉइंट. १२ सेकंदांत सीहॉक्स पुढे. फायनल स्कोअर ४३-८.

आता दोन वर्षांनंतरचा मॅनिंग. वय ३९, पायाला दुखापत, मानेची ऑपरेशन्स आधीच झालेली, पासमध्ये जोर राहिलेला नाही. रेग्युलर सीझनला ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन. सुपर बोल ५० मध्ये कॅरोलिना पँथर्ससमोर २३ पैकी १३ पास, १४१ यार्ड, टचडाउन पास एकही नाही. डेन्व्हरने आख्ख्या मॅचमध्ये १९४ यार्ड केले, इतक्या कमी यार्डांवर त्याआधी कोणीच सुपर बोल जिंकलं नव्हतं. आणि तरी २४-१०, कारण डेन्व्हरच्या डिफेन्समधला वॉन मिलर. पहिल्या क्वार्टरमध्ये तो वळसा घालून पँथर्सचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटनवर आला आणि बॉल त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला, बॉल एंड झोनमध्ये घरंगळला, डेन्व्हरचा मलिक जॅक्सन त्याच्यावर पडला, टचडाउन. चौथ्या क्वार्टरमध्ये मिलरने पुन्हा तेच केलं, या वेळी बॉल मिळाला पँथर्सच्या ४ यार्डांच्या लाइनवर, तिथून ऑफेन्सला करायचं काय उरलं सांगा. मॅचमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी मिलरलाच मिळाला आणि तो शंभर टक्के त्याचाच होता.

मग ही रिंग मॅनिंगला मोठं करते का? माझ्या मते नाही. आणि ४३-८ त्याला छोटं करतं का, तेही नाही. तो मोठा आहे तो २०१३ सारख्या सीझनमुळे.

त्याच २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ काय करत होता बघा. लीगमध्ये सगळ्यात जास्त पासिंग यार्ड त्याचे, ४,८७०, पण सेंट्सच्या डिफेन्सने सीझनभरात ४५ टचडाउन पास खाल्ले, हा नकोसा रेकॉर्ड झाला, आणि टीम ७ जिंकली, ९ हरली. १ नोव्हेंबरला जायंट्सविरुद्ध ब्रीझने ७ टचडाउन पास टाकले. सात! तरी मॅच जिंकायला शेवटच्या सेकंदाला फील्ड गोल, म्हणजे किकने केलेला गोल, लागला, ५२-४९. आपल्याला हे दुखणं माहितीये, २००९ ला हैदराबादला ऑस्ट्रेलियाने ३५० केले, सचिनने १७५ ठोकले आणि आपण ३ रनने हरलो, त्याचं खापर सचिनवर फोडणाऱ्याशी आपण आजही भांडतो.

पण आकडेही धुतल्या तांदळासारखे नसतात हां, हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. डिफेन्स गळका असला की टीम मागे पडते, मग धावून वेळ घालवणं परवडत नाही, पासच टाकावे लागतात, यार्ड आपोआप फुगतात. उलट डिफेन्स तगडा असला की लीड हातात असते, कोच रिस्क घेत नाही, बॉल रनरकडे देतो आणि क्वार्टरबॅकचे आकडे बारीक दिसतात. त्यामुळे नुसते यार्ड बघून निकाल लावणाराही फसतो. बघायचं ते हे की पॉकेट, म्हणजे त्याला वाचवणारी आपल्या खेळाडूंची भिंत, कोसळत असताना त्याने बॉल कुठे टाकला, थर्ड डाउनला, म्हणजे निर्णायक तिसऱ्या प्रयत्नाला, काय केलं, समोरचा डिफेन्स कसा होता.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे २००० चे बाल्टिमोर रेव्हन्स. रे लुईसचा तो डिफेन्स, १६ मॅचमध्ये फक्त १६५ पॉइंट दिले. मध्ये सलग ५ मॅच ऑफेन्सने एक टचडाउन केला नाही आणि त्यातल्याही २ जिंकल्या! ट्रेंट डिल्फर क्वार्टरबॅक म्हणून सुपर बोल जिंकला, ३४-७, आणि लगेच टीमने त्याला सोडून दुसरा आणला. डॅन मरिनो १७ सीझन खेळला, १९८४ ला ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन, त्याच्याकडे एकही रिंग नाही. रिंगच मोजायची तर डिल्फर मरिनोच्या वर बसतो, आणि असं म्हणणारा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो मॅनिंग आणि पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी यांच्यावर. दोघं १७ वेळा समोरासमोर आले, ब्रेडी ११, मॅनिंग ६, हा हिशोब चाहत्यांना तोंडपाठ. पण ते एका वेळी मैदानात कधीच नव्हते, एक आत असला की दुसरा बाकावर. त्यांची शेवटची भेट २४ जानेवारी २०१६, एएफसी फायनल, म्हणजे सुपर बोलच्या आधीची मॅच. ती डेन्व्हरला झाली हे मात्र मॅनिंगचं श्रेय, रेग्युलर सीझनच्या शेवटच्या मॅचला तो बाकावरून उठून आला, टीम मागे होती ती जिंकली, आणि घरचं मैदान मिळालं. फायनललाही पहिल्या हाफमध्ये त्याने ओवेन डॅनियल्सला २ टचडाउन पास दिले.

पुढचं सगळं डिफेन्सने ओढलं. ब्रेडी दिवसभर मार खात होता, तरी १२ सेकंद उरले असताना त्याने आपल्या ग्रॉन्कोव्स्कीला टचडाउन टाकला, २०-१८. बरोबरीसाठी टू-पॉइंट कन्व्हर्जन, म्हणजे टचडाउननंतर २ पॉइंटसाठीचा जादा प्रयत्न, लागलं, कारण पॅट्रियट्सच्या गोस्टकोव्स्कीने पहिल्या क्वार्टरमध्ये टचडाउननंतरच्या किकचा एक्स्ट्रा पॉइंट चुकवला होता, २००६ नंतर पहिल्यांदा. ब्रेडीने पास टाकला, डेन्व्हरच्या अकीब तालिबचा हात लागला, त्याच्याच टीमच्या ब्रॅडली रोबीने बॉल पकडला आणि बरोबरी हुकली. मॅनिंग तेव्हा साइडलाइनवर होता, आणि त्या ६ पैकी सहावा विजय त्याच्या नावावर लागला.