जो पासवर्ड मला माहीतच नाही

नमस्कार मंडळी. आजचा विषय ‘फोनमधला पासवर्ड मॅनेजर कसा वापरावा’ असा जाहीर झालाय, म्हणजे आपले पासवर्ड बनवून जपून ठेवणारी फोनमधली सोय, आणि ते मी सांगणारच आहे, पण त्याआधी जरा हात वर करा बघू, एकच पासवर्ड तीनपेक्षा जास्त ठिकाणी कोणाकोणाचा आहे? ... बरं. आणि शेवटी एक किंवा एकशे तेवीस लावलेला? ... हां, आता पहिल्यापेक्षा जास्त हात आले. (हशा) खाली घ्या, लाजायचं काही कारण नाही, त्याचं कारण मी थोड्या वेळात सांगतो.

सुरुवात माझ्या मावशीपासून करतो. मावशी गणित शिकवायची, आता निवृत्त आहे, सगळं काम कसं टापटीप. तिची पासवर्डची वही होती. डावीकडे साइटचं नाव, उजवीकडे पासवर्ड, पासवर्ड बदलला की जुन्यावर एक सरळ काट आणि त्याच्या वर बारीक अक्षरात नवा. मी एकदा ती वही बघितली तर तिच्या ईमेलच्या ओळीत सात काटलेले पासवर्ड होते, आणि सातही तेच! फक्त शेवटचा आकडा वाढत गेलेला, एक, दोन, तीन, चार असं करत. मी म्हटलं मावशी हे काय, तर म्हणाली, “अरे, ते सारखे बदला बदला म्हणतात, मग मी बदलते.”

आता यात मावशीची चूक काय सांगा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, हे आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलंय. हे नियम जगभर पसरले त्यात अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००४ साली निघालेल्या मार्गदर्शिकेचा मोठा वाटा आहे, ती बिल बर नावाच्या गृहस्थांनी लिहिली होती. २०१७ साली त्याच बर यांनी जाहीरपणे सांगितलं की तेव्हा जे लिहिलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा मला आता पश्चात्ताप होतो. आणि त्याच वर्षी निस्टने नियम फिरवले, की उगाच मुदत घालून बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती करू नका, लांब पासवर्ड चालू द्या. पण गंमत बघा, नियम फिरले तरी अजून कितीतरी साइट तेच जुनं मागतात. माणसाला सारखं बदलायला लावलं की माणूस शेवटचा आकडा बदलतो, आणि हे चोरालाही माहीत असतं. म्हणून म्हटलं लाजू नका. माणसाच्या डोक्याकडून जे काम होणारच नाही ते मागितलं गेलंय.

तर एका रविवारी मी मावशीजवळ बसलो आणि तिच्या फोनमध्येच जो पासवर्ड मॅनेजर असतो तो चालू करून दिला. वेगळं काही विकत घेतलं नाही, काही डाउनलोड केलं नाही. एकेका साइटवर जायचं, पासवर्ड बदला म्हणायचं, फोन स्वतःच नवा सुचवतो, हो म्हणायचं. आयफोन जो सुचवतो तो बघितलाय का तुम्ही? वीस अक्षरांचा असतो, मध्ये दोन आडव्या रेघा, एक आकडा, एक मोठं अक्षर, बाकी सगळी छोटी अक्षरं. मावशी ते बघून एकदम हिरमुसली. “अरे पण हा मला पाठ कसा होणार?” मी म्हटलं, पाठ करायचाच नाहीये, मावशी. “मग मला माझाच पासवर्ड माहीत नसणार?” नसणार. तिला ते अजिबात पटलं नाही, माझ्या शब्दाखातर तिने करू दिलं, आणि वहीत त्या ओळींवर काट मारताना तिचा हात जड झाला होता हे मी बघत होतो.

काही महिने गेले. एका संध्याकाळी फोन. “अरे, तुझं ते पासवर्डचं बिघडलंय.” मी विचारलं काय झालं. तर तिला मेसेज आला होता की तुमचं खातं आज रात्री बंद होणार आहे, लगेच लॉगिन करून खात्री करा, खाली लिंक. तिने लिंक उघडली, पान तेच, रंग तेच, चिन्ह तेच. चौकटीवर बोट ठेवलं. एरवी काय होतं, कीबोर्डच्या वर तिचं नाव येतं, त्याच्यावर टिचकी मारली की चेहरा बघून फोन आत सोडतो. या वेळी काहीच आलं नाही. कोरं. तिने दोनदा मागे जाऊन परत उघडलं, फोन बंद करून चालू केला, तरी कोरं. आणि ती माझ्यावर चिडली होती बरं का, खरोखर चिडली होती, “वहीत असता तर मी टाकला असता, तूच काट मारायला लावलीस, आता रात्री खातं बंद झालं तर?”

मी म्हटलं थांब, काही करू नकोस, मला त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठव. पाठवला. मी वरचा पत्ता वाचला, मला बरोबर वाटला. परत वाचला, तरी बरोबर वाटला. मग बोटाने मोठा करून बघितला तेव्हा दिसलं की इंग्रजी ‘एम’ जिथे हवा तिथे ‘आर’ आणि ‘एन’ अशी दोन अक्षरं चिकटून बसवली होती. छोट्या पडद्यावर ती हुबेहूब ‘एम’ दिसतात.

मंडळी, आज मला खरं तर एवढंच सांगायचंय, बाकीचं सगळं तुम्हाला फोनच्या मदत-पानावर सापडेल. पासवर्ड मॅनेजर म्हणजे लक्षात ठेवायची सोय असं सगळे समजतात. सोय आहेच, पण त्याचं मोठं काम आहे नको तिथे गप्प बसणं. फोनने पासवर्ड साठवला तेव्हा त्याच्यासोबत साइटचा पत्ताही साठवला. परत कुठे चौकट दिसली की तो रंग बघत नाही, चिन्ह बघत नाही, मेसेजमधली घाई तर त्याला कळतच नाही, तो फक्त पत्ता जुळतो का बघतो. नाही जुळला तर तो पासवर्ड पुढे करत नाही. आपला डोळा शब्दाचा आकार वाचतो, सवयीने वाचतो, आणि फसवणारे त्या सवयीवरच जगतात. फसलेल्या माणसाला आपण म्हणतो, नीट बघायचं ना! अहो, मी नीट बघूनच दोनदा चुकलो होतो, आणि मी तर संशय घेऊनच बघत होतो.

आणि दुसरी गोष्ट, मावशी चिडली होती त्या मिनिटाला तिला तो पासवर्ड हाताने टाकायचाच होता. टाकता आला नाही कारण तिला तो माहीत नव्हता. जे आपल्याला माहीत नाही ते आपल्याकडून कोण काढून घेणार?

इथे एक तक्रार मी मांडणारच, कारण ती मला रोज टोचते. काही साइट पासवर्डच्या चौकटीत पेस्टच करू देत नाहीत. काही तर फोनला भरूही देत नाहीत, म्हणे सुरक्षेसाठी! अहो कसली सुरक्षा? मागच्याच महिन्यात एका साइटवर मी वीस अक्षरं एकेक करून टाइप केली, तिसऱ्यांदा चुकलो आणि खातं चोवीस तास लॉक. असं झालं की माणूस काय करतो, छोटा सोपा पासवर्ड ठेवतो, म्हणजे जी खोड मोडायची तीच लावली. निस्टच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की पेस्ट करू द्यावं, म्हणजे लोकांना पासवर्ड मॅनेजर वापरता येतील. तुमच्यापैकी कोणी साइट बनवत असेल तर हात जोडून सांगतो, ती एक आडकाठी काढून टाका.

बरं, चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणतायत. मी खरं तर फर्नांडो कॉर्बाटोंची गोष्ट सांगणार होतो, संगणकाला पासवर्ड लावणाऱ्या अगदी पहिल्या लोकांपैकी ते एक, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात, आणि १९६६ साली तिथे फाइलींची अशी अदलाबदल झाली की लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. असो, म्हणजे साठवलेले पासवर्ड फुटणं हे साठच्या दशकापासून चालूच आहे, २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीचे तीन कोटींवर पासवर्ड जसेच्या तसे बाहेर आले, त्यात सगळ्यात जास्त वेळा होता १२३४५६. एका ठिकाणचा फुटला की चोर तोच शंभर ठिकाणी लावून बघतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा हवा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा म्हटलं की डोक्यात मावतच नाही.

आता पटापट. आयफोनवर आयओएस १८ पासून, म्हणजे आयफोनच्या सिस्टिमच्या अठराव्या आवृत्तीपासून, ‘पासवर्ड्स’ नावाचं वेगळं अ‍ॅपच आलंय, जुन्या आयफोनवर हेच सेटिंग्जमध्ये सापडतं. अँड्रॉइडवर गुगल पासवर्ड मॅनेजर असतो, प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये जागा वेगळी असते म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधात ‘पासवर्ड’ एवढंच टाका, येईल. सॅमसंगवाल्यांकडे त्यांचं स्वतःचंही असतं, दोन्ही चालू ठेवू नका, एक ठरवा, नाहीतर अर्धे इथे अर्धे तिथे होतात.

सगळे पासवर्ड एका दिवसात बदलायला बसू नका, कंटाळा येऊन सोडून द्याल. पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचं ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येतं. मग पैशांचे. बाकीचे जसजसं लॉगिन कराल तसतसे. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीकडे फुटलेले, परत वापरलेले पासवर्ड दाखवणारी तपासणी असते, ती एकदा उघडून बघा, दचकाल, पण बघा.

फोनचं लॉक आता घराच्या किल्लीसारखं झालं हे मात्र विसरू नका. चार आकडी जन्मवर्ष असेल तर आज रात्री बदला, आणि चारचौघांत आकडे टाकताना हात आडवा धरा, कारण आकडे बघून मग फोन पळवणारे असतात. आयफोनवर चोरीपासून संरक्षण म्हणून एक सेटिंग आहे, आयओएस १७.३ पासून, ते चालू करा. गुगल किंवा अ‍ॅपलच्या मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डबरोबर आणखी एक खूण मागितली जाते. फोन हरवला तर काय, हे सगळे विचारतात, तर त्या मुख्य खात्यातून नव्या फोनवर सगळं परत येतं, पण त्या खात्यात शिरता आलं पाहिजे, म्हणून त्याचा पासवर्ड तेवढा स्वतःचा हवा, लांब हवा. चार-पाच असंबद्ध शब्द एकापुढे एक, पुरेत.

पासकी, हां, पासकीचं विचारलंत, दोन वाक्यांत सांगतो. त्यात पासवर्डच नसतो, फोनकडे एक गुप्त किल्ली असते, ती साइटला कधी दिलीच जात नाही, आणि तीही पत्त्याला बांधलेली असते. साइटने विचारलं तर हो म्हणा.

आणि फोन गप्प बसला म्हणजे दर वेळी फसवणूकच असं नाही, कधी अ‍ॅपचा आणि साइटचा पत्ता वेगळा असतो, कधी साइटनेच पत्ता बदललेला असतो. पण गप्प बसला की आपण थांबायचं, मॅनेजरमध्ये शिरून पासवर्ड कॉपी करून तिथे चिकटवायचा नाही. लिंक सोडून द्यायची, साइट स्वतः उघडायची, तिथे फोनने नाव पुढे केलं की समजायचं हेच ते दार.

शेवटचा प्रश्न तिकडून आला, वही फाडून टाकायची का? नाही हो. मावशीची वही अजून आहे, कपाटात, कुलपात. पहिल्या पानावर आता दोनच ओळी आहेत, फोनचं लॉक आणि मुख्य खात्याचा पासवर्ड, तिच्या मागे कोणाला लागले तर म्हणून. बाकीच्या पानांवर ती आता शब्दकोडी सोडवते.