निळूभाऊंचं बसणं

श्रोतेहो, नमस्कार.

आज निळू फुले यांच्याविषयी बोलायचंय. 'बाई, वाड्यावर या' हे वाक्य मी एवढं एकदाच म्हणून टाकतो, म्हणजे ते तुमच्याही डोक्यातून जाईल आणि माझ्याही. त्या वाक्याच्या नकलांनी निळूभाऊंचं फार नुकसान केलं. गॅदरिंगमध्ये पोरं आवाज घोगरा करतात, मान तिरकी करतात, एक डोळा बारीक करतात, की टाळ्या! आवाज काय, कुणालाही काढता येतो. निळूभाऊंना बसता यायचं. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा सांगणार आहे. निळूभाऊंना बसता यायचं.

आता थोडं चरित्र. निळकंठ कृष्णाजी फुले, पुण्याचे. पुण्यातल्या सैन्याच्या वैद्यकीय कॉलेजात, ए.एफ.एम.सी.त, ते माळी होते. अगदी खुरपं-पाण्याची झारी घेऊन काम करणारे माळी. संध्याकाळी राष्ट्र सेवा दल. सेवा दलाचं कलापथक म्हणजे त्या काळची एक शाळाच होती. राम नगरकर तिथले, दादा कोंडकेही तिथलेच. उघड्या मैदानात, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, समोर बसलेल्या शेतकऱ्याला हसवायचं आणि हसवता हसवता त्याला चार शब्द ऐकवायचे. निळूभाऊंनी कलापथकासाठी वगही लिहिला, 'येरागबाळ्याचे काम नोहे'. पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य गाजलं, त्यातून अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'त त्यांचा झेलेअण्णा आला, 1968 साली. आणि मग पाटील, सरपंच, साखर कारखान्याचे चेअरमन यांची रांग लागली.

रांग लागली खरी, पण दोन पाटील एकसारखे बसलेले दिसायचे नाहीत. एक लोडाला टेकून पाय पसरणार, दुसरा खुर्चीत एक पाय वर घेऊन तळव्यावरून हात फिरवत बसणार. धोतराचा सोगा कधी मांडीवर, कधी हातात. आता सोगा म्हटला की मला राहवत नाही. हल्ली सिनेमात शिवलेलं धोतर घालतात, विजारीसारखं, आत इलास्टिक! त्याला ना सोगा सावरता येतो, ना कासोटा. मग नट हात कुठे ठेवणार? मोबाइलवर ठेवतो. असो.

'सामना' आठवा. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. 1975 साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यात हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळूभाऊ, आणि समोर दारुडे मास्तर, डॉ. श्रीराम लागू. मास्तर विचारत सुटतात, गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं? आणि हिंदुराव काय करतो? तो मास्तरांना घरात ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो, मजेत ऐकून घेतो. बंगला त्याचा, कारखाना त्याचा, गाव त्याचं, हवा त्याची. सगळं आपलंच आहे अशा रीतीनं तो बसतो, आणि भीती वाटते ती त्याच्या त्या निवांतपणाची. ओरडणाऱ्या माणसाला काहीतरी गमावण्याचं भय असतं. हिंदुरावाला बराच वेळ तेच नसतं. म्हणून म्हटलं, निळूभाऊंना बसता यायचं.

आता माझ्या थोरल्या आत्याची गोष्ट. या भाषणाचं आमंत्रण आलं तेव्हाच मी ठरवलं होतं, बाकी काही राहिलं तरी चालेल, आत्या राहता कामा नये.

आत्या सातारा जिल्ह्यातली, खटाव तालुक्यातली. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, तिथे खिलार बैलांचा बाजार, मेवामिठाई आणि सिनेमाचे तंबू. तंबूत मध्ये कापड लावलेलं, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, खाली नुसती जमीन. आत्या तिथे सिनेमा बघायची. कुठला सिनेमा, हे तिला कधीच सांगता आलं नाही. तिच्या लेखी सिनेमे दोन प्रकारचे, देवाचे आणि 'निळू फुल्याचे'. निळू फुल्या पडद्यावर आला की आत्या पदर खोचायची. नायिका वाड्याकडे निघाली की मोठ्यानं ओरडायची, "आगं जाऊ नगंस, भवाने! दार लावून घ्यायचा त्यो!" मग बायकांची सगळी बाजू ओरडायची. एकदा तर तिनं भेंडबत्तासे फेकून मारले पडद्यावर. पोरांसाठी घेतलेले! घरी येताना पोरं रडत होती आणि आत्या म्हणत होती, "रडू नगा, त्याला लागलं की न्हाई?"

पुढे बऱ्याच वर्षांनी गावात टीव्ही आला, तो शाळेच्या गुरुजींच्या घरी. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट असायचा. एका शनिवारी बातमी पसरली, आज निळू फुल्याचा पिक्चर. सोप्यात माणूस मावेना. आत्या पोतं घेऊन पुढेच बसलेली, आणि तिच्या मांडीला खेटून मी.

पिक्चर निघाला 'सिंहासन'!

आता तुम्हाला ठाऊक आहे, 'सिंहासन' म्हणजे काळापांढरा पडदा, मुंबई, मंत्री, फोन, फायली. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांचाच. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू त्यांना पाडायला निघालेले अर्थमंत्री. आणि निळूभाऊ? वार्ताहर दिगू टिपणीस. धोतर नाही, फेटा नाही, शर्ट-पँटीतला थकलेला पत्रकार. अर्ध्या तासात गडी माणसं तंबाखू मळत उठून गेली. म्हातारे पेंगले. आत्या हलली नाही. तिचा डोळा दिगूवर.

"सोंग घेतलंय," ती मला म्हणाली. "धोतार टाकलं म्हंजे काय वळखू येत न्हाई व्हय?"

दिगू मंत्र्याकडे गेला. "बघ, पोटात शिरतोय." दिगू गप्प उभा राहून ऐकतोय. "बघ, डाव मनात धरतोय." दिगू सिगरेट ओढतोय. "आता करतोय बघ कायतरी." तासभर हेच. आता करतोय, आता करतोय. दिगू काही करेना! तो फक्त बघतोय, ऐकतोय, टिपतोय. मला आज वाटतं, त्या रात्री सबंध महाराष्ट्रात दिगू टिपणीसकडे माझ्या आत्याइतकं बारीक लक्ष कुणी दिलं नसेल. समीक्षकांनीसुद्धा नाही.

आणि शेवट आला. एवढी उलथापालथ होऊन मुख्यमंत्र्यांचं आणि अर्थमंत्र्यांचं जुळतं, आणि दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. आत्या ताडकन उभी राहिली. "आरं, ह्याला काय झालं? काय केलं रं ह्याला त्यांनी?" गुरुजी समजावायला लागले, सत्ता, व्यवस्था, लोकशाही. आत्यानं ऐकलं नाही. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या त्या माणसाच्या बाजूनं ती गुरुजींशी भांडली! दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांना तिनं सिनेमाची गोष्ट सांगितली, ती अशी : "निळू फुल्या येडा झाला गं. गावाकडं हुता तवर वंगाळ हुता, पर शाणा हुता. त्याला म्हमईला न्यायाच नगं हुतं."

हसू नका. म्हणजे हसा, पण हिंदुराव आणि दिगू यांमध्ये चारच वर्षांचं अंतर आहे, हेही बघा. 'सामना'तला माणूस सगळं आपलंच म्हणून पसरून बसतो. दिगू मला कायम निघायच्या बेतात वाटतो. जग दुसऱ्यांचं, हा तिथे बातमीपुरता. अंग तेच, आवाज तोच. फक्त बसणं काढून घेतलं. गावातल्या बाईला त्यातलं राजकारण कळलं नाही, पण या माणसाची जागा गेलीय, हे बरोबर कळलं.

अरे, काचेपलीकडून खुणा सुरू झाल्या, वेळ संपत आली. नाटक राहिलंच की! 1972 सालचा 'सखाराम बाइंडर', दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग, आणि मृदंग वाजवणारा, बायका आणून घरात ठेवणारा सखाराम निळूभाऊंचा. सेन्सॉरनं अडवलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि नाटकवाले जिंकले. हिंदीत 'कुली', 'मशाल', 'सारांश'. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1991 सालचा.

आणि पडद्यावर गाव लुटणारा हा माणूस प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात, बाबा आढावांच्या 'एक गाव एक पाणवठा' चळवळीबरोबर. डॉ. लागूंसोबत त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, पूर्ण वेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. त्यासाठी मोठमोठ्या नटनट्यांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले, तनुजाही होत्या त्यात. अत्र्यांचं विनोदी नाटक, हिंदुराव आणि मास्तर एका रंगमंचावर, आणि तिकिटाचे पैसे कार्यकर्त्यांना! हल्ली सत्कारांच्या शाली-श्रीफळांवर जेवढा खर्च होतो ना, तेवढ्यात असा एखादा निधी सहज उभा राहील. पण तो विषय वेगळा.

13 जुलै 2009 रोजी निळूभाऊ पुण्यात गेले. घरी सवड मिळाली तर 'सामना' आणि 'सिंहासन' लागोपाठ बघा, याच क्रमानं, आणि आवाज थोडा वेळ बंद करून बघा. रेडिओवरून मी हे सांगतोय, आकाशवाणीनं माफ करावं. नमस्कार.