कलम ११ आणि नीस्टरपलीकडचे सैनिक

हे नाणं बघा. प्लॅस्टिकचं आहे. एक रुबल गोल, तीनचं चौकोनी, पाचचं पंचकोनी, दहाचं षटकोनी. तिरास्पोलच्या दुकानात याच्यावर ब्रेड मिळतो, पण तिरास्पोल ज्याची राजधानी आणि ज्याचं हे नाणं, त्या स्वतःला देश म्हणवणाऱ्या ट्रान्सनिस्ट्रियाला यूएनमधल्या एकाही देशाने मान्यता दिलेली नाही, अगदी रशियानेसुद्धा नाही. नकाशावर हा सगळा पट्टा रोमानिया आणि युक्रेनच्या मधल्या मोल्दोवाचाच.

१९९२ साली नीस्टर नदीच्या काठावर मोल्दोवाचं सरकार आणि वेगळे होऊ पाहणारे ट्रान्सनिस्ट्रियाचे फुटीर यांच्यात लढाई झाली, बेंदेर शहरात तर रस्त्यारस्त्यावर, काही महिन्यांत शेकडो माणसं गेली, आणि तिथेच तळ ठोकून असलेली जुनी सोव्हिएत, आता रशियाची झालेली चौदावी आर्मी फुटीरांच्या बाजूने उतरली. २१ जुलैला युद्धबंदी झाली. मग दोन वर्षांनी, १९९४ मध्ये मोल्दोवाने नवी राज्यघटना केली आणि तिच्यात कलम ११ टाकलं: आम्ही कायमचे तटस्थ, आणि परक्या सैन्याला आमच्या जमिनीवर जागा नाही. साधी आशा होती हो, की आपण कुणाच्याच गोटात गेलो नाही तर रशियन सैन्यालाही इथे राहायला कारण उरणार नाही.

ते गेलं नाही. १९९९ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत रशियाने शब्द दिला, २००२ संपायच्या आत निघतो म्हणून. जवळपास निम्मा दारूगोळा हलवला आणि पुढे सगळं थांबलं. आजही साधारण दीड हजार सैनिक तिथे आहेत, आणि युक्रेनच्या सीमेला चिकटून असलेल्या कोबासना गावात सुमारे वीस हजार टन जुना सोव्हिएत दारूगोळा पडून आहे. म्हणजे मोल्दोवाने नाटोत जाऊ नये, तटस्थच राहावं असा आग्रह ज्यांचा, त्यांचंच सैन्य ते कलम रोज मोडतंय. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त सलते.

मग नाटोत का जात नाहीत? एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया २००४ मध्येच गेले. युक्रेनने २०१० मध्ये कायदा करून कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही असं ठरवलं होतं आणि तो कायदा लागू असतानाच २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. हे सगळं मोल्दोवातल्या लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहितीये, तरी सर्व्हे घेतला की नाटो नको म्हणणारेच जास्त निघतात. त्यांना भित्रे म्हणू नका. नदीच्या दोन्ही काठांवर नातेवाईक आहेत, युद्ध बघितलेली पिढी अजून घराघरात आहे, आणि नाटोचं नाव काढलं की रशियाला निमित्त मिळेल ही धास्ती खरी आहे.

पण तटस्थ राहायचं तरी हातात काहीतरी लागतं ना. स्वित्झर्लंड तटस्थ आहे, पण तिथे पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची आहे. मोल्दोवाने १९९७ मध्ये आपली २१ मिग-२९ विमानं अमेरिकेला विकून टाकली, आज एकही फायटर जेट नाही, आणि संरक्षणावरचा खर्च जीडीपीच्या एक टक्क्याच्याही आत. ३१ ऑक्टोबर २०२२ ला युक्रेनने पाडलेल्या रशियन मिसाईलचे तुकडे उत्तरेकडच्या नास्लाव्चा गावात पडले, घरांच्या काचा फुटल्या, आणि तटस्थ देशाच्या हातात निषेध करण्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

आता राष्ट्राध्यक्ष माया सांदूंचं सरकार युरोपियन युनियनचा रस्ता धरून आहे, तिथे ऑस्ट्रिया, आयर्लंडसारखे नाटोबाहेरचे देशही चालतात. ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात त्या रस्त्याला जेमतेम ५० टक्क्यांच्या वर मतं पडली. कलम ११ आहे तिथेच आहे. कोबासनाच्या गोदामावर पहारा अजून रशियन सैनिकांचाच.