काळ्या मातीवर सागाची जमीन

[दृश्य: कापसाचे शिवार, त्यापलीकडे नवे घर. पुढची रिकामी खोली.]

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात, कापसाच्या शिवाराला लागून असलेल्या या नव्या घराची पुढची खोली सध्या पूर्ण रिकामी आहे. खोली 12 फूट रुंद आणि 15 फूट लांब आहे, खाली सिमेंटचा कोबा आहे आणि भिंतींचा रंग देऊन झाला आहे. येथे लाकडाची जमीन करायची, असे घरच्यांनी ठरवले आहे. पाडलेल्या जुन्या घराच्या माडीवर सागाच्या फळ्या होत्या, आणि थंडीत त्यांवर अनवाणी चालण्याचे सुख या घरातील वडीलधाऱ्यांना अजून आठवते. मात्र ती माडी जमिनीपासून उंच होती, फळ्यांच्या खालून आणि वरून वारा खेळत होता, आणि उन्हाळ्यात फळ्यांमध्ये फटी पडल्या तरी त्यात कोणाला वावगे वाटत नसे. तळमजल्यावर, थेट कोब्यावर, एकही फट दिसू न देता लाकूड बसवणे हे निराळे काम आहे, आणि ते विदर्भात करणे आणखी निराळे आहे.

[दृश्य: फळीचा कापलेला तुकडा, जवळून.]

ही या कामासाठी आणलेली इंजिनिअर्ड लाकडी फळी आहे. तिची जाडी 14 मिलिमीटर असून त्यापैकी वरचा 4 मिलिमीटरचा थर अस्सल सागाचा आहे. त्याखाली प्लायवूडचे पातळ पदर एकावर एक चिकटवलेले आहेत, आणि प्रत्येक पदराच्या रेषा आधीच्या पदराच्या रेषांना काटकोनात आहेत. या काटकोनातच फळीचे सारे सामर्थ्य आहे. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते आणि कोरड्या हवेत ती सोडून आक्रसते. मात्र ही हालचाल रेषांच्या आडव्या दिशेने होते, लांबीच्या दिशेने ती जवळजवळ होतच नाही. त्यामुळे एक पदर फुगू पाहतो, तेव्हा त्याच्या वरचा आणि खालचा पदर त्याला धरून ठेवतात.

सबंध सागाची फळी येथे का वापरली नाही, हे विदर्भाच्या हवेकडे पाहिल्यावर कळते. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा येथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली उतरते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑगस्टच्या झडीत, तीच आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत ठेवलेल्या लाकडातील पाण्याचे प्रमाण उन्हाळ्याच्या अखेरीस 6 टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते आणि पावसाळ्यात 15 टक्क्यांपर्यंत वाढू शकते. साग हे कमी हलणारे लाकूड म्हणून ओळखले जाते, तरीही 125 मिलिमीटर रुंदीची सबंध सागाची फळी एवढ्या फरकाने सुमारे 2 मिलिमीटर रुंदावते. 12 फुटांच्या खोलीत अशा 29 ओळी बसतात, म्हणजे सगळ्या मिळून जवळजवळ 6 सेंटीमीटर जागा मागतात. तेवढी जागा भिंती देत नाहीत, आणि मग जमीन मधोमध उचलली जाते. काटकोनी पदरांच्या फळीत ही वाढ बरीच कमी होते. ती शून्य होत नाही, आणि पुढे दिसणारी सगळी काळजी त्या उरलेल्या वाढीसाठी घेतलेली आहे.

साग हे विदर्भाचे घरचे लाकूड आहे. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या जंगलाचा साग त्याच्या रेषांसाठी आणि तेलकट टिकाऊपणासाठी नावाजलेला आहे, आणि 2023 साली अयोध्येच्या राम मंदिरासाठी सागवान रवाना झाले ते चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाह येथील आगारातून. ज्या प्रदेशात असे लाकूड पिकते, तेथील घरात परदेशी ओकऐवजी सागाचाच थर पायाखाली असावा, हा या कुटुंबाचा आग्रह आम्हाला मनापासून पटला. खरेदी करताना वरच्या थराची जाडी मात्र अवश्य विचारावी. अर्ध्या मिलिमीटरचा थर असलेली फळीही बाजारात याच नावाने मिळते, पण तिला पुढे कधीही घासून नवी पॉलिश करता येत नाही. 4 मिलिमीटरच्या थराला ते करता येते.

[दृश्य: घराचे जोते. शेजारच्या शेतात भेगाळलेली काळी माती.]

आता फळी बाजूला ठेवून जमिनीखाली पाहावे लागते. येथील काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अशा मातीवर थेट कोबा घातला, तर तो मातीबरोबर उचलला जातो, खचतो आणि शेवटी तडकतो. म्हणून या घराचे बांधकाम करताना जोत्याच्या आतील काळी माती काढून तेथे मुरूम भरला, तो पाणी मारून थराथराने धुमसला, त्यावर दगडांचे सोलिंग केले आणि मग काँक्रीट ओतले. हे काम घर बांधतानाच झालेले असेल, तरच लाकडी जमिनीचा विचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या जुन्या घराची फरशी दर पावसाळ्यात हलते, तेथे कितीही महाग फळी आणली तरी तिचे सांधे टिकणार नाहीत.

खचण्याइतकाच दुसरा धोका ओलीचा आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कोबा वरून पांढरा आणि कोरडा दिसत असताना त्याच्या पोटातून पाण्याची वाफ वर येत असते. नव्या कोब्याला आठवडेच्या आठवडे तराईचे पाणी दिलेले असते आणि ते बाहेर पडण्यास महिने लागतात. इंचभर जाडीला साधारण एक महिना, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे, आणि तोही तराई थांबल्यानंतरचा. याशिवाय पावसाळ्यात जोत्याच्या बाजूने जमिनीतील ओल चढते ती वेगळीच.

[दृश्य: कोब्यावर चिकटपट्टीने बंद केलेले प्लॅस्टिकचे चौकोन.]

येथे मिस्त्रींनी दीड फूट लांब आणि तेवढ्याच रुंद प्लॅस्टिकचे तुकडे खोलीच्या मधोमध, कोपऱ्यात आणि न्हाणीघराच्या भिंतीजवळ कोब्यावर ठेवून त्यांच्या चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद केल्या आहेत. किमान 16 तासांनी ते उचलले जातात. खाली पाण्याचे थेंब जमले असतील किंवा कोब्याचा रंग गडद झाला असेल, तर काम थांबवावे लागते. या खोलीत मधले आणि कोपऱ्यातले तुकडे कोरडे निघाले, परंतु न्हाणीघराकडील तुकड्याखाली गडद डाग दिसला. भिंतीपलीकडे नळाचा सांधा झिरपत होता. तो बदलून भिंत वाळेपर्यंत फळ्यांची खोकी उघडली गेली नाहीत. दोन रुपयांच्या प्लॅस्टिकने केलेली ही तपासणी संपूर्ण कामातील सर्वांत मोलाची आहे, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते.

वाळवीचा, म्हणजेच इकडच्या उधईचा, बंदोबस्तही याच वेळी करावा लागतो. सागाच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही, पण फळीच्या खालच्या प्लायवूडला ते संरक्षण नसते. म्हणून भिंत आणि कोबा जेथे मिळतात, त्या रेषेवर साधारण एक-एक फुटावर भोके पाडून त्यांत वाळवीनाशक औषध सोडले आहे आणि भोके सिमेंटने बुजवली आहेत.

त्यानंतर अ‍ॅल्युमिनियमची लांब सरळ पट्टी कोब्यावर सर्व दिशांनी फिरवून तिच्याखालील पोकळी पाहिली जाते. 2 मीटरच्या पट्टीखाली 3 मिलिमीटरपेक्षा अधिक पोकळी चालत नाही, कारण तेथे फळी पायाखाली दबते, वर येते, आणि तिचा सांधा हळूहळू झिजून आवाज करू लागतो. उंचवटे घासून काढले आहेत आणि खळगे लेव्हलिंगच्या मिश्रणाने भरले आहेत.

[दृश्य: आडव्या रचलेल्या खोक्यांचा ढीग.]

हे सर्व दिवाळीनंतर होत आहे, आणि तो मुहूर्त विचार करून निवडला आहे. मे महिन्यात फळ्या बसवल्या, तर त्या सर्वाधिक आक्रसलेल्या स्थितीत एकमेकींना भिडतात आणि पावसाळ्यात त्यांना फुगण्यास जागा उरत नाही. ऑगस्टमध्ये बसवल्या, तर पुढच्या उन्हाळ्यात सांधे उघडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लाकूड दोन्ही टोकांच्या मध्ये असते, आणि पुढे ते कोणत्याही बाजूला गेले तरी अंतर निम्मेच असते. अडचण एवढीच की कापूस वेचणीचे दिवसही हेच, त्यामुळे खेड्यात मजूर मिळणे कठीण होते आणि घराची रिकामी खोली कापूस भरण्यासाठी हवी असते. या घराने कापूस मागच्या पडवीत हलवला. फळ्यांची खोकी खोलीत आणून, कोब्याला न टेकवता लाकडी पट्ट्यांवर आडवी रचून, तीन दिवस तशीच ठेवली आहेत, म्हणजे लाकडाला खोलीच्या हवेची सवय होते.

[दृश्य: पॉलिथिन अंथरले जात आहे.]

प्रत्यक्ष बसवण्याचे काम त्यामानाने लवकर होते. कोबा झाडून त्यावर 200 मायक्रॉन जाडीचे पॉलिथिन अंथरले जाते, त्याचे जोड वीतभर एकावर एक घेऊन चिकटपट्टीने बंद केले जातात आणि कडा भिंतीवर थोड्या चढवल्या जातात. त्यावर फोमचा पातळ थर येतो. फळ्या या दोन थरांवर नुसत्या पडून राहणार आहेत. त्यांना कोब्याशी खिळा नाही की गोंद नाही, त्या केवळ एकमेकींत अडकवलेल्या असतील, म्हणजे सगळी जमीन एकसंध राहून फुगेल आणि आक्रसेल.

पहिली ओळ लावण्यापूर्वी मिस्त्री बराच वेळ हिशेब करतात, आणि तो ऐकण्यासारखा आहे. खोलीची रुंदी 3658 मिलिमीटर भरली. दोन्ही भिंतींजवळ 12-12 मिलिमीटर मोकळी जागा सोडली, की 3634 उरतात. 125 मिलिमीटरच्या 29 ओळी 3625 घेतात आणि शेवटी 9 मिलिमीटरची चिंधी उरते, जी कापताही येत नाही आणि टिकतही नाही. म्हणून मिस्त्रींनी पूर्ण रुंदीच्या ओळी 28 धरल्या आणि पहिली व शेवटची ओळ प्रत्येकी 67 मिलिमीटरची कापली. दोन्ही भिंतींजवळ सारख्याच रुंदीची फळी आल्याने खोली डोळ्यांना सरळ दिसते.

भिंत मात्र सरळ नाही. खेड्यातील काय, शहरातील काय, कोणतीच भिंत पूर्ण सरळ नसते. म्हणून पहिली ओळ भिंतीला समांतर न लावता ताणलेल्या सुतावर लावली जाते, आणि भिंतीचा वाकडेपणा फळीच्या मागच्या कडेवर उतरवून तेवढा भाग करवतीने काढला जातो. भिंत आणि फळी यांमध्ये 12 मिलिमीटरच्या पाचरी बसवल्या आहेत, त्या काम संपेपर्यंत हलवायच्या नाहीत. दुसऱ्या ओळीपासून फळीची जीभ शेजारच्या खाचेत तिरकी घालून खाली दाबली जाते आणि ठोकळा लावून हलक्या हाताने ठोकली जाते. हातोडी थेट फळीच्या कडेवर पडली, तर कड चेचते आणि तो सांधा पुन्हा कधी मिटत नाही. लगतच्या ओळींतील आडवे जोड किमान फूटभर पुढेमागे ठेवले आहेत. दाराच्या चौकटीपाशी फळीला चौकटीचा आकार देण्याऐवजी चौकटच खालून फळीच्या जाडीएवढी कापून फळी तिच्याखाली सरकवली आहे. हे काम पाहून कारागिराचा हात ओळखता येतो.

[दृश्य: खोलीत घरातील आजी. मिस्त्री त्यांच्याशी बोलत आहेत.]

रोज सकाळी बादलीभर पाण्याने फरशी पुसण्याची या घरातील आजींची पद्धत आहे. मिस्त्री त्यांना विनवून सांगतात, "माय, या खोलीत आता बादली आणू नका. आधी केरसुणी फिरवा, मग फडके घट्ट पिळून पुसा." केरसुणी आधी, यालाही कारण आहे. शेतातून पायांबरोबर येणारे मातीचे आणि मुरमाचे बारीक खडे फडक्याखाली आले, की पॉलिशवर ओरखडे उठवतात. म्हणून उंबऱ्याबाहेर जाड पायपुसणे असणे आवश्यक आहे.

कूलरचा प्रश्न विदर्भातील प्रत्येक घराचा आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत कूलर लाकडाचा शत्रू नाही. खिडक्या थोड्या उघड्या असतील, तर तो खोलीतील आर्द्रता वाढवून लाकडाला फार सुकू देत नाही. नुकसान होते ते कूलरची टाकी झिरपल्याने, त्याचा ओला झोत दिवसभर एकाच जागी पडल्याने, किंवा पाऊस सुरू झाल्यानंतरही तो चालू ठेवल्याने. या घरात कूलर खिडकीच्या बाहेर, लोखंडी स्टँडवर ठेवला जाणार आहे.

तुरीची आणि सोयाबीनची पोतीही या खोलीत लावू नयेत. समोरासमोरच्या दोन भिंतींजवळ पोत्यांच्या थप्प्या लागल्या, की त्या भाराखाली जमीन दोन्ही बाजूंनी जखडली जाते, आणि मोकळी सोडलेली जागा असूनही तिला सरकता येत नाही.

[दृश्य: भिंतीलगत लाकडी पट्टी बसवली जात आहे.]

पाचरी काढल्यानंतर भिंतीलगतची फट लाकडी पट्टीने झाकली जाते. ही पट्टी भिंतीला ठोकायची असते, फळीला कधीही नाही. दाराजवळील एक पट्टी मिस्त्रींनी मुद्दाम खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवली आहे. ती काढून आतील फट मोजता येते. आज ती 12 मिलिमीटर आहे. मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा पोळ्याच्या सुमारास ती मोजून आकडे पट्टीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायचे, असे ठरले आहे. पावसाळ्यातील आकडा 5 च्या खाली गेला, तर जमीन उचलली जाण्यापूर्वीच पट्ट्या काढून भिंतीकडील फळ्या थोड्या छाटता येतील. त्यासाठी आणि पुढे एखादी फळी बदलावी लागली तर, याच खेपेतील फळ्यांचे एक बंद खोके घरातच आडवे ठेवले आहे.