ताट उचलणारे हात

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च २०२० मधले ते दिवस आठवा. निम्मं जग दाराला कडी लावून बसलं होतं. न्यूयॉर्कमध्ये इस्पितळांच्या दाराशी शीतगृहाचे ट्रक उभे करून त्यांत मृतदेह ठेवायची वेळ आली होती. २८ मार्चला हॉलिवूडमधले अब्जाधीश निर्माते डेव्हिड गेफन यांनी इन्स्टाग्रामवर फोटो टाकले. कॅरिबियन समुद्रातली ग्रेनडाइन्स बेटं, मावळतीचं आकाश आणि पाण्यावर त्यांची स्वतःची नौका, ‘रायझिंग सन’. लांबी १३८ मीटर. सोबत चार शब्द होते, की विषाणूपासून दूर मी इथे एकांतात आहे, तुम्ही सगळे सुरक्षित असाल अशी आशा करतो. लोक असे तुटून पडले की ते खातं लगेच लोकांच्या नजरेआड गेलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात पॉप गायिका मॅडोना यांनी गुलाबपाकळ्या तरंगणाऱ्या टबात बसून जगाला सांगितलं होतं, की या विषाणूला तुमची श्रीमंती दिसत नाही, तो सगळ्यांना एका पातळीवर आणतो. तोही व्हिडिओ काढून टाकावा लागला.

या संतापाबद्दल बोलताना बरीच समंजस माणसं एक वाक्य हमखास म्हणतात. ‘त्यांच्याकडे पैसा आहे, ते खर्च करतात, तुमच्या पोटात का दुखतं?’ मला हे वाक्य कधीच पटलेलं नाही. का पटत नाही, ते सांगायलाच आज तुमच्यापुढे आले आहे.

ब्राझीलमधल्या रिओ शहरात लेब्लॉन नावाची वस्ती आहे. समुद्राला लागून, शहरातल्या सर्वांत महागड्या वस्त्यांपैकी एक. तिथल्या एका घरात ६३ वर्षांच्या एक बाई घरकाम करायच्या. कित्येक वर्षांची चाकरी. त्यांचं स्वतःचं घर होतं मिगेल परेरा या गावी, शंभराहून अधिक किलोमीटरवर. रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं, म्हणून कामाचे दिवस त्या मालकिणीच्या घरीच राहायच्या. मालकीण इटलीची सहल करून परतली होती. तिला बरं वाटत नव्हतं, तपासणी झाली होती, अहवाल यायचा होता. बाई त्याच घरात वावरत होत्या. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता. १६ मार्च २०२० ला त्यांना त्रास सुरू झाला. घरच्यांनी त्यांना टॅक्सीनं गावी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या इस्पितळात त्या वारल्या. रिओ राज्यातला कोविडचा तो पहिला मृत्यू. मालकीण बरी झाली.

इटलीला कोण गेलं होतं आणि मेलं कोण, एवढंच पाहा. मालकिणीनं कुणाला मुद्दाम आजार दिला असं मी म्हणत नाही. पण ‘अहवाल येईपर्यंत तू घरी थांब, पगार कापणार नाही’ एवढं एक वाक्य त्या घरात बोललं गेलं असतं तर? त्या वाक्याला पैसा लागतो, आणि पैसा तर त्या घरात होता.

टबात बसून केलेलं ते समानतेचं भाषण म्हणूनच इतकं झोंबलं. आपल्याकडे म्हणतात ना, जात्यातले रडतात, सुपातले हसतात. सुपातल्यांनी जात्यातल्यांना ‘आपण सगळे सारखेच’ असं सांगितलं, तर त्याचा राग यायलाच हवा.

उरुग्वेमध्येही हेच दिसलं. ७ मार्च २०२० ला एक फॅशन डिझायनर युरोपातून मॉन्टेव्हिडिओत उतरली आणि त्याच दिवशी एका मोठ्या लग्नाला गेली. पाहुणे सुमारे पाचशे. १३ मार्चला त्या देशानं आपले पहिले चार रुग्ण जाहीर केले, आणि त्यांत ती होती. लग्न म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाहुणे येतात, दागिने येतात. पण पाचशे माणसांच्या लग्नात वाढपी किती असतील? गाड्या लावून देणारी पोरं, भांडी घासणाऱ्या बाया, रात्री दोन वाजता खुर्च्या रचून ठेवणारे? पाहुण्यांची नावं वर्तमानपत्रात आली. उष्टी ताटं उचलणाऱ्या हातांची मोजदाद कोण ठेवतं!

आता थोडं दुसऱ्या बाजूनं बोलते, कारण सगळ्यांना एकाच दोरीनं बांधणं बरोबर नाही. अमेरिकेतल्या टीव्ही-तारका किम कार्दाशियन यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये चाळिसावा वाढदिवस खासगी बेटावर केला. त्यांनीच लिहिलं, की दोन आठवडे सगळ्यांच्या तपासण्या करून, सगळ्यांना विलगीकरणात राहायला सांगून मग जवळच्या माणसांना नेलं, आणि तिथे घटकाभर सगळं पूर्वीसारखं आहे असं मानता आलं. काळजीच्या हिशेबानं पाहिलं तर त्यांनी पुष्कळ घेतली. तरीही जगभरातून टीकेची झोड उठली. ती का उठली, हे मला माझ्यापुरतं नीट माहीत आहे. त्याच वर्षी माझी मावशी गेली. तिचं शेवटचं दर्शन मी मोबाइलच्या पडद्यावर घेतलं. कुणीतरी फोन धरला होता, हात हलत होता, चेहरा मध्येच दिसायचा, मध्येच नुसतं छत. आवाज तुटत होता. दोन-तीन मिनिटांत संपलं. ज्यांनी असे निरोप घेतले होते, त्यांच्यासमोर कुणी ‘पूर्वीसारखं’ हा शब्द उच्चारला की काय होतं, ते बेटावरून कळणं कठीण आहे. हा राग पैशाच्या पलीकडचा होता. त्यात सुतक होतं.

फिलिपिन्समधली गोष्ट आणखी वेगळी. जानेवारी २०२१ मध्ये बागियो या डोंगरावरच्या शहरात टिम याप या प्रसिद्ध समारंभ-आयोजकाचा वाढदिवस झाला. मास्क नसलेले, अंतर न पाळणारे पाहुणे व्हिडिओत दिसले आणि देश खवळला. त्या पार्टीला शहराचे महापौर बेंजामिन मगालोंग सपत्नीक हजर होते. आणि हेच मगालोंग तेव्हा देशभरातल्या संपर्क-शोधाचे प्रमुख होते. बाधित माणूस कुणाला भेटला, कुठे बसला, हे हुडकून काढायची मोहीम त्यांच्याच हाती होती. त्यांनी माफी मागितली, त्या पदाचा राजीनामा दिला. लाज वाटून राजीनामा देणारा माणूस मला त्या काळात फार थोड्या ठिकाणी दिसला, म्हणून त्यांचं नाव इथे घेतलं.

पण मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं ते कॅनडातल्या प्रकरणानं.

देशाच्या अगदी वायव्य टोकाला, अलास्काच्या सीमेजवळ, युकॉन या प्रदेशात बीव्हर क्रीक नावाची चिमुकली वस्ती आहे. माणसं शंभराच्या आसपास. व्हाइट रिव्हर या मूळनिवासी समाजाची ही जागा. मोठं इस्पितळ जवळपास नाही, समाजात वयोवृद्ध बरेच, म्हणून सरकारनं जानेवारी २०२१ मध्ये लशीचं फिरतं पथक तिथे लवकर पाठवलं. व्हँकुव्हरमध्ये राहणारं एक श्रीमंत जोडपं तेवढ्यासाठी निघालं. नवरा एका मोठ्या कॅसिनो कंपनीचा प्रमुख. विमानानं व्हाइटहॉर्सला उतरले. नियमानं तिथे चौदा दिवस विलगीकरणात राहायचं होतं. ते न करता खास भाड्याचं छोटं विमान करून ते बीव्हर क्रीकला पोहोचले, लसीकरणाच्या रांगेत लागले आणि सांगितलं, की आम्ही इथल्या मोटेलमध्ये कामाला आहोत. दोघांनी लस टोचून घेतली. आणि मग विचारलं, विमानतळावर सोडायला कुणी येईल का? तिथेच माशी शिंकली. मोटेलमधली माणसं काम संपल्यावर लगेच विमान कशाला पकडतील? चौकशी झाली आणि सगळं उघडं पडलं.

या प्रकरणात पुष्कळांना लस पळवल्याचा राग आला, आणि तो रास्तच होता. मला मात्र त्यांनी निवडलेलं खोटं खुपतं. आम्ही डॉक्टर आहोत किंवा अधिकारी आहोत असं ते म्हणाले नाहीत. मोटेलमध्ये कामाला आहोत असं म्हणाले. मोटेलमधलं काम म्हणजे चादरी बदलणं, खोल्या झाडणं. ज्यांच्याकडे एरवी मान वर करूनही पाहिलं जात नाही, त्यांच्या वाट्याला साथीत पहिल्यांदा थोडं प्राधान्य आलं, तर तेवढ्यापुरतं त्यांचं रूप घेतलं. सुई टोचून झाली की ते रूप उतरवून ठेवलं.

नवऱ्यानं नोकरीचा राजीनामा दिला. न्यायालयात दोघांनी गुन्हा कबूल केला आणि दंड झाला प्रत्येकी ११५० कॅनेडियन डॉलर. वस्तीतल्या लोकांना ही शिक्षा फारच तुटपुंजी वाटली. त्यांचं बरोबर होतं. भाड्याचं विमान परवडणाऱ्याला असा दंड म्हणजे प्रवासखर्चात आणखी एक रक्कम.

लोकांचा राग कुठे वाट चुकला, तेही सांगायला हवं. उरुग्वेतल्या त्या बाईवर जो वर्षाव झाला, त्यातला बराचसा तिच्या बाईपणावर होता, तिच्या कपड्यांवर, वयावर होता. पार्टीत पुरुषही असतात, पण शिव्यांचा पहिला मान बाईचा. हे मला त्या रागाचं विटाळलेलं टोक वाटतं. दुसरी चूक याहून घातक होती. मेक्सिकोत परदेशी सहलींहून परतलेल्या धनिकांमध्ये सुरुवातीचे रुग्ण सापडले, आणि पुएब्ला राज्याचे गव्हर्नर मिगेल बार्बोसा मार्च २०२० मध्ये जाहीरपणे म्हणाले, की धोका श्रीमंतांना आहे, आपल्यासारख्या गरिबांना या रोगाची बाधा होत नाही. श्रीमंतांवरचा राग एवढा चढला, की रोगही त्यांच्या नावावर करून टाकला! पण साथीला वरचा मजला हा फक्त थांबा असतो. ती जिना उतरून स्वयंपाकघरात येते, तिथून बसमध्ये, तिथून एका खोलीत सहा माणसं झोपतात त्या घरात. लेब्लॉनमध्ये ती अशीच उतरली.

पळून जाणं काही नवीन नाही. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेग पसरला तेव्हा राजा दुसरा चार्ल्स दरबारासकट शहराबाहेर गेला, आणि ज्यांना परवडलं त्यांनी तीच वाट धरली. त्याच प्लेगमध्ये डर्बीशायर परगण्यातल्या ईम गावानं उलटं केलं. लंडनहून आलेल्या कापडाबरोबर रोग गावात शिरला होता. १६६६ च्या उन्हाळ्यात धर्मगुरू विल्यम माँपेसन यांच्या सांगण्यावरून गावानं स्वतःला कोंडून घेतलं, की आपला रोग शेजारच्या गावांना लागू नये. माँपेसन यांनी आपली मुलं त्याआधी दूर धाडली होती. हे लपवण्यात अर्थ नाही, बापाचं मन होतं ते. पत्नी मात्र थांबली आणि त्या साथीतच गेली. गावात सुमारे २६० माणसं मेली.

शेजारीच चॅट्सवर्थला डेव्हनशायरच्या अर्लचा वाडा होता. त्या मुलखातला सर्वांत मोठा धनिक. गाव बंद झालं तेव्हा त्याच्याकडून गावाला अन्न आणि औषधं जायची. गावाच्या शिवेवर सामान ठेवलं जाई, आणणारा निघून गेला की गावकरी येऊन ते उचलत. इतर गावांतून जे विकत घ्यायचं, त्याची नाणी शिवेवरच्या दगडातल्या खळग्यांमध्ये व्हिनेगर भरून त्यात टाकलेली असत, म्हणजे घेणाऱ्याच्या हाताला रोग लागू नये. तो दगड अजून आहे, आणि त्यातले सहा खळगेही.

नमस्कार.