लेन आखा, मग शिट्टी फुंका

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘विंडहॅम हाल्सवेल : एका धावपटूची कारकीर्द’. कारकिर्दीकडे येतोच, पण आधी फक्कीबद्दल, म्हणजे मैदानावर रेघा आखायच्या चुन्याच्या पुडीबद्दल बोलू द्या. समोर बरेच क्रीडाशिक्षक बसलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. चारशे मीटरच्या लेन आखायच्या तर अख्खी सकाळ जाते. सुतळी ताणायची, वळणावर मोजून खुंट्या ठोकायच्या, दुसऱ्या लेनची सुरुवात पहिलीच्या 7.04 मीटर पुढे घ्यायची, मग वाकून फक्की सोडत जायचं. नाकातोंडात चुना. म्हणून पुष्कळ स्पर्धांत ‘वेळ नाही, सोडा सगळ्यांना एकत्रच’ असं चालतं. अशाच एका स्पर्धेत माझी मुलगी, म्हणजे माझ्याकडे सराव करणारी, शेवटच्या वळणावर कोपर लागून पडली. गुडघा सोलला, त्यात मुरूम रुतला. मी ओल्या रुमालाने एकेक खडा काढत होतो आणि पंच म्हणाले, ‘पळताना लागायचंच.’ नाही हो, लागायचंच असं काही नसतं! ते सांगायलाच मी आज आलोय.

23 जुलै 1908. लंडन ऑलिंपिक, व्हाइट सिटी स्टेडियम. ट्रॅक एवढा मोठा की तीन फेऱ्यांत मैल भरायचा. लेन मात्र नाहीत. चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीत चौघं : अमेरिकेचे कार्पेंटर, रॉबिन्स, टेलर आणि ब्रिटनचा लेफ्टनंट हाल्सवेल. शेवटच्या टप्प्यात हाल्सवेल बाहेरून पुढे जायला निघाला, तसा कार्पेंटर तिरका तिरका बाहेर सरकू लागला. उजवा हात हाल्सवेलच्या आडवा. सरकता सरकता बाहेरची कड दीड फुटावर आली. पंच ओरडले, अंतिम रेषेवरची फीत तोडली, टेलरला तर धरून बाजूला काढलं. कार्पेंटर बाद.

कार्पेंटरला मी लबाड म्हणणार नाही. अमेरिकेत अशी आडवणूक खपायची, ब्रिटिश नियमांत बसत नव्हती, आणि जमिनीवर रेघच नव्हती. त्याने ओलांडलं काय, हे दाखवणार कसं?

25 तारखेला फेरशर्यत ठरली, दोऱ्या बांधून वाटा वेगळ्या केल्या. कार्पेंटर नाही तर आम्हीही नाही, म्हणून रॉबिन्स-टेलर आलेच नाहीत. हाल्सवेल एकटा धावला. 50 सेकंद. उपांत्य फेरीत हाच माणूस 48.4 धावला होता. शेजारी कुणी नसलं की पाय असे जड होतात.

वेळ संपत आली, चिठ्ठी आलीय. तेव्हा कारकीर्द भराभर. जन्म लंडन, 1882, वडील चित्रकार. बोअर युद्धासाठी दक्षिण आफ्रिकेत गेला, तिथे जिमी करन या धावपटू सैनिकाने त्याचं पळणं हेरलं. 1906 ला अथेन्समध्ये चारशेत रौप्य, आठशेत कांस्य. त्याच वर्षी स्कॉटिश स्पर्धेत 100, 220, 440 आणि 880 यार्ड, चारही शर्यती एकाच दिवशी जिंकल्या. 440 यार्डांचा त्याचा ब्रिटिश विक्रम 1934 पर्यंत टिकला. लंडननंतर काही दिवसांतच त्याने धावणं सोडलं. टेलर त्याच डिसेंबरात विषमज्वराने गेला, अवघ्या 26 व्या वर्षी. हाल्सवेल 31 मार्च 1915 ला फ्रान्समध्ये शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीला बळी पडला.

आणि 1912 ला, स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये, चारशेची अंतिम शर्यत आखलेल्या लेनमधून धावली गेली.

प्रश्न मैदानावरच विचारा. उद्या सकाळी सहाला लेन आखायच्यात, सुतळी धरायला दोन माणसं कमी आहेत.