आई-बाबांना हॉकीच्या सामन्याला न्या

(मंडळाच्या हिवाळी मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

आदरणीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, भारतातून आलेले ज्येष्ठ पाहुणे आणि मित्रहो,

हिवाळ्यात टोरोंटोला आलेल्या आई-वडिलांना काय दाखवायचे, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेक घरांना पडतो. नायगारा एका दिवसात होतो, सीएन टॉवर एका दुपारी होतो आणि मग पाच वाजायच्या आतच अंधार पडू लागला की आयुष्यभर पायाला भिंगरी लावून वावरलेली ही माणसे खिडकीशी बसून राहतात. अशा प्रत्येक घराला माझी आग्रहाची विनंती आहे की एका संध्याकाळी त्यांना व्यावसायिक आइस हॉकीच्या सामन्याला घेऊन जावे. ज्या थंडीला ती घाबरलेली असतात, त्याच थंडीतून या देशाने आपला सर्वांत लाडका खेळ घडवला आहे. १९९४ साली कायदा करून कॅनडाने त्याला हिवाळी राष्ट्रीय खेळाचा दर्जाही दिला.

‘त्यांना त्यातले काय कळणार?’ असे अनेकजण म्हणतात. मला वाटते, आपल्यापेक्षा त्यांनाच अधिक कळेल. १९७५ साली क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा रेडिओला कान लावून बसलेली ही पिढी आहे. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. ज्या खडकीने धनराज पिल्ले दिला, तिथल्या मैदानांवर त्यांनी उमेदीची कितीतरी वर्षे हॉकी पाहिली. मी त्यांना टोरोंटोच्या स्कोशियाबँक अरीनात सामन्याला नेले, तेव्हा पहिली पाच-सात मिनिटे ते गप्प होते. मग त्यांनी विचारले, “हे गडी एवढ्यात बाहेर का पळतात रे? लागलं का कुणाला?”

या खेळाचे मर्म नेमके त्या प्रश्नात आहे. गोलरक्षक धरून एका वेळी सहाजण बर्फावर असतात. पण सामन्यासाठी संघ वीस खेळाडू सज्ज ठेवतो. त्यात बारा आक्रमक, सहा बचावपटू आणि दोन गोलरक्षक असतात. तीन आक्रमकांची फळी आणि दोन बचावपटूंची जोडी साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळते आणि दमछाक होताच बाकाकडे धाव घेते, आणि खेळ एक क्षणही न थांबता पुढची फळी कठडा ओलांडून आत उडी घेते. प्रतिस्पर्ध्याची दमलेली फळी आत अडकलेली असताना आपली ताजी फळी बर्फावर उतरवणे, यात प्रशिक्षकाचे सारे कसब असते. हे एकदा सांगितल्यावर दुसऱ्या पिरियडपासून, म्हणजे सामन्याच्या तीन भागांपैकी दुसऱ्या भागापासून, वडील पकवरची (चेंडूऐवजी वापरतात त्या चकतीवरची) नजर काढून बाकाकडे पाहू लागले आणि ‘आता बदलतील’ हे माझ्याआधी सांगू लागले.

दूरदर्शनवर हे दिसत नाही, कारण कॅमेरा पकच्या मागे धावतो. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबराची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात आणि जोरकस फटक्यानंतर ती ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. ती डोळ्यांनी पकडायचा हट्ट धरला की माणूस कंटाळतो. म्हणून माझा सल्ला असा, की काचेला लागून असलेल्या महागड्या खुर्च्यांचा मोह सोडावा आणि वरच्या मजल्यावर, शक्यतो मध्यरेषेच्या आसपास बसावे. तिथून दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद असा सगळा बर्फ एका नजरेत येतो. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या निळ्या रेषेच्या आत पक जाण्याआधी आक्रमक गेला की ऑफसाइड, हा नियम वरून पाहताना आपोआप समजतो. दंड झालेला खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो तेव्हा ज्येष्ठांना कबड्डीची आठवण करून द्यावी: मैदानात गडी कमी पडले की उरलेल्यांनी कसे सावरून खेळायचे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. वरचे जिने मात्र फार चढे आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच कमी पायऱ्यांची जागा मागून घ्यावी.

एका गोष्टीची कल्पना त्यांना आधी द्यायला हवी. अंगावर जाऊन धडक मारणे नियमात बसते, आणि कधी कधी हातमोजे फेकून सरळ मारामारीही होते. तिला पाच मिनिटांची शिक्षा आहे. पण प्रेक्षक उभे राहून ओरडतात, तेव्हा पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. मला हा प्रकार मुळीच पटत नाही. इतक्या देखण्या खेळाला त्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे.

टोरोंटो मेपल लीफ्स या आपल्या संघाने स्टॅनली चषक, म्हणजे व्यावसायिक आइस हॉकीतला सर्वांत मानाचा चषक, शेवटचा जिंकला तो १९६७ साली. तरीही सामन्याच्या संध्याकाळी युनियन स्थानकातून निळ्या जर्सीतल्या आजोबांचा हात धरून नातवंडे चाललेली असतात. या संघाचे जुने घर असलेले मेपल लीफ गार्डन्स हे क्रीडागृह १९३१ साली महामंदीत सहा महिन्यांच्या आत उभे राहिले, आणि कामगारांनी मजुरीचा काही भाग समभागांच्या रूपाने घेतला. आज त्या वास्तूत किराणा-भाजीचे मोठे दुकान आहे. बर्फाच्या मैदानाचा मध्यबिंदू जिथे होता, तिथे फरशीवर लाल ठिपका आहे. ज्येष्ठांना तोही दाखवावा. याच संघाच्या प्रेक्षकांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये, नॅशव्हिलविरुद्धच्या सामन्याआधी गायिकेचा माइक बंद पडला तेव्हा पाहुण्यांचे, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्रगीत स्वतः गाऊन पूर्ण केले होते.

लीफ्सची तिकिटे खिशाला परवडणारी नसतात, हे खरे आहे. त्यासाठी लीफ्सच्या दुय्यम संघाचे, म्हणजे मार्लीजचे सामने पाहावेत, किंवा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमधील टोरोंटो सेप्टर्सचे. त्याच वर्षी २० एप्रिलला माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये टोरोंटो आणि माँट्रियलच्या मुलींचा सामना पाहायला २१,१०५ लोक आले होते. या लीगमध्ये धडकांना जागा आहे, खेळ वेगवान आहे आणि प्रेक्षकांत लहान मुली मोठ्या संख्येने असतात. नात आणि आजी दोघींना एकत्र न्यायचे असेल, तर मी हाच सामना निवडेन.

आपल्या पंजाबी बांधवांनी या बाबतीत मोठे काम केले आहे. २००८ साली हॉकीचे धावते वर्णन पंजाबीत सुरू झाले आणि हरनारायण सिंग यांच्यासारख्या समालोचकांमुळे ब्रॅम्प्टन आणि सरीमधल्या घरांत तीन पिढ्या एकत्र बसून सामना पाहू लागल्या. मराठीत असे प्रक्षेपण होईल इतकी आपली संख्या नाही. म्हणून शेजारच्या खुर्चीवर बसून ते वर्णन आपणच करायचे आहे. त्यासाठी मंडळाच्या संकेतस्थळावर नियमांचे दोन पानांचे सोपे टिपण ठेवावे, अशी कार्यकारिणीला माझी सूचना आहे.

आत गारठा असतो, तेव्हा स्वेटर, कानटोपी आणि आजींसाठी शाल बरोबर घ्यावी. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड आणि दोन मध्यंतरे धरून अडीच तास सहज जातात. मध्यंतरात झांबोनी यंत्र बर्फाचा वरचा ओरखडलेला थर तासून त्यावर गरम पाणी पसरते. चहाला उठण्यापूर्वी ते जरूर पाहावे, कारण गरम पाण्याने गुळगुळीत बर्फ कसा होतो, या विषयावर पुढचा आठवडाभर घरात चर्चा होते.

उपनगरांत जाणारी गो ट्रेन गाठण्यासाठी लोक शेवटी लवकर उठू लागतात. आपण उठू नये. एका गोलने मागे असलेला संघ शेवटच्या दोन-तीन मिनिटांत आपला गोलरक्षक बाहेर बोलावतो, गोल मोकळा सोडतो आणि त्याच्या जागी एक जादा आक्रमक आत पाठवतो. बरोबरी तरी होते, नाहीतर समोरचा संघ रिकाम्या जाळीत पक ढकलून मोकळा होतो. तेवढे पाहून मग पुढची गाडी घ्यावी.